माझी आई दुसरीत शिकते

शनिवार, १८ ऑक्टोबर

कुंडाईनं फर्मान काढलंय. "रोज एक तरी चांगली गोष्ट वहीत लिही, नाहीतर मला फोन करू नकोस. तुझं रडगाणं ऐकून कान किटले माझे." कॉलेजात आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली, तेव्हा तिला बोलायचा हक्क आहे. पण ती बसलीय मास्विंगोला, शहरातल्या शाळेत. तिच्याकडे नळ फिरवला की पाणी येतं. तिला चांगल्या गोष्टींवर व्याख्यान द्यायला काय जातंय!

तर चांगली गोष्ट. दुपारपर्यंत एकही सापडली नव्हती. उन्हाळा दारात येऊन ठाण मांडून बसलाय. खोलीचा पत्रा तडतडतोय आणि झाडावरचे किडे सकाळपासून एकाच सुरात किरकिरताहेत. मग शाळेच्या सामानाच्या खोलीत, फुटक्या पृथ्वीगोलामागे, रंगीत खडूंचा अख्खा डबा सापडला. त्यात चार निळे! या बिकिताच्या डोंगरात निळा खडू म्हणजे चैन. ते चार मी गुपचूप झग्याच्या खिशात टाकले. हा झगाही सापडलेलाच आहे. बसथांब्यापाशी जुन्या कपड्यांची गोणी फोडतात, त्या ढिगातून उपसून काढला. पिवळाधमक, दोन खोल खिसे. शेजारच्या मादूबेबाई पाचवीला शिकवतात आणि उरलेल्या वेळात सगळ्या जगाला शिकवतात. त्या म्हणाल्या, "कुणा गोऱ्या म्हातारीचा असणार हा." असेना. म्हातारीची आवड चांगली होती.

शहरात बदली मिळावी म्हणून जुलैत अर्ज टाकलाय. तो मंजूर होईपर्यंत निळ्या खडूंवर दिवस काढायचे.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

आज माझी शोभा झाली, तीही हेडसरांसमोर.

माझ्या दुसरीच्या वर्गात नेत्साई नावाची एक पोर आहे. आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, आणि तोरा असा की ही शाळा जणू तिच्याच आजोबांनी बांधलीय. वाचनाच्या तासाला ती तोंड उघडं टाकून घोरत होती. आठवड्यात तिसऱ्यांदा. मी तिला बाहेर भिंतीशी उभं केलं. सावलीत केलं होतं, देवाशपथ. सावली सरकते हे ध्यानात राहिलं नाही.

शाळा सुटता सुटता तिची आजी काठी आपटत आली.

"कुणी उभं केलं माझ्या नातीला?"

"मी," मी म्हटलं. "वर्गात झोपते ती, आजी."

"झोपेल नाहीतर काय करेल! उजाडायच्या आत विहिरीच्या दोन खेपा होतात तिच्या. बाप देवाघरी, आई सीमेपलीकडे जोनी शहरात कामाला, आणि माझे गुडघे हे असे." मग मला नखशिखांत न्याहाळून विचारलं, "तू कुणाची गं? देवक कुठलं तुमचं?"

"वडलांचं डोहाचं."

"आणि आईचं?"

"म्होफू हरणाचं. बुहेराकडची होती. मी चार वर्षांची असताना गेली."

 हेडसर चिकोवोरे व्हरांड्यात उभे होते, त्यांच्याकडे वळून आजी म्हणाली, "ऐकलंत ना? आम्हीही बुहेराहून आलेलो. माझ्या नवऱ्याचं, मुलाचं आणि या पोरीचं देवक म्होफूच. मग नेत्साई या बाईची कोण लागली?"

"आई," हेडसर म्हणाले.

"आणि आईला हिनं उन्हात उभं केलं!"

मी हसले. एकटी मीच हसले. आईच्या देवकाची बाई ती आई, मग ती पाळण्यातली का असेना, हे मला ठाऊक नाही असं नाही. पण मी कादोमाला वाढले. तिथं ही नाती लग्नात थट्टेपुरती बाहेर काढतात आणि मांडवाबरोबर गुंडाळून ठेवतात. इथं हेडसर चष्मा पुसत म्हणाले, "बाई, कोंबडी द्यावी लागेल. याच महिन्यात द्या. नोव्हेंबर म्हणजे शेळीचा महिना, एकदा तो लागला की आपल्याला कसलाही विधी करता येत नाही."

नेत्साई माझ्याकडे टक लावून बघत होती. ती एरवीसारखं "बाई" म्हणाली नाही, सरळ माझं नाव घेतलं. "शुवाई," म्हणाली, "वर्गाचं दार उघडं टाकलंयस."

चांगली गोष्ट: कपाळ माझं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

वर्गभर झालंय. फळ्यावर माझी बेरीज चुकली की मागून आवाज येतो, "आईला विचारा ना, बाई!" मादूबेबाई येता-जाता चौकशी करतात, "काय गं, मातोश्री बऱ्या आहेत ना?" नेत्साईला मात्र यात थट्टा दिसतच नाही. तिनं आज माझ्या टेबलावरची पेनं एका ओळीत लावून ठेवली.

हजेरी झाल्यावर मी तिला दहा मिनिटं झोपू देते. मग ती दिवसभर टक्क जागी असते. हे मला आधी का सुचलं नाही?

शनिवार, २५ ऑक्टोबर

कोंबडी दिली. तांबडी, जरा भांडखोर.

सोबतीला मादूबेबाई. वाटेत म्हणाल्या, "म्होफूच्या बायकांना चिहेरा म्हणतात, माहीत आहे ना? अख्ख्या देशात कुणाचं ऐकत नाहीत. चांगली आई मिळाली तुला." झोपडीत नेत्साई चटईवर पाय लांब करून बसली होती, डोक्याला आजीचा रुमाल बांधून. मी गुडघे टेकले, हात जुळवून हळू टाळ्या वाजवल्या, कोंबडी पुढं केली आणि म्हटलं, "आई, चुकलं माझं."

हसू असं दाटून आलं होतं की पोट दुखायला लागलं.

"पुन्हा करू नकोस," नेत्साई म्हणाली. मग कोंबडी काखेत दाबून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "वाळलीयस तू. जेवलीस का?"

मी म्हटलं, हो. खरं म्हणजे सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिनं आजीला साद्झा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी वाढायला लावली आणि मी संपवेपर्यंत समोरून हलली नाही. भाजीला मीठ जास्त होतं. मी दोनदा घेतली.

परतताना मादूबेबाईंनी विचारलं, "डोळ्यात काय गेलं?" धूर होता झोपडीत.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

या आठवड्यात चांगल्या गोष्टी साठल्यात, एकदम लिहून टाकते. मातीच्या रांजणातलं पाणी पत्र्याच्या बादलीतल्यापेक्षा कितीतरी गार राहतं (नेत्साईनं सांगितलं). दुपारी दार बंद ठेवून मागची खिडकी उघडायची, म्हणजे खोलीत वारा खेळतो (तिनंच सांगितलं). मक्याची आंबील उरली तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. आणि भाजलेल्या शेंगा, मूठभर, घामानं ओल्या झालेल्या. त्या कुणाच्या मुठीतून आल्या हे वेगळं सांगायला नको.

खोलीची तपासणीही झाली. "कोपऱ्यात केर आहे, शुवाई." मी म्हटलं, "मी तुझी बाई आहे." "शाळेत," ती म्हणाली. मी केर काढला.

कुंडाईला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या तोंडी दुसरं नावच नाही हल्ली." काहीतरीच! मी खडूंबद्दलही सांगितलं होतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

चर्चहून परस्पर मझांजे वेचायला रानात गेलो, मी, नेत्साई आणि वर्गातल्या सहासात पोरी. तपकिरी कवच अंगठ्यानं फोडायचं, आतला गर चोखायचा, बिया थुंकायच्या. मधासारखा गर! कादोमाला ही फळं टोपलीतून यायची, प्रवासानं थकलेली. झाडाखालून उचललेलं आज पहिल्यांदा खाल्लं आणि मी इतकी वर्षं काय खात होते असा प्रश्न पडला.

एक आंबट निघालं. मी "शी" म्हणणार एवढ्यात नेत्साईनं उडी मारून माझ्या तोंडावर हात दाबला.

"रानात फळाला नावं ठेवतात का? वाट चुकायचीय तुला? मुकाट्यानं गीळ."

गिळलं. नंतर घरी येईपर्यंत तिनं मला स्वतःच्या पुढं चालायला लावलं. मी म्हटलं, "अगं, वाट तुला माहीत आहे, तू हो पुढं." तर म्हणाली, "मागं राहिलीस तर मला दिसत नाहीस." मोठी हट्टी आहे.

ती पूर्वी अडखळत वाचायची, आता सलग वाचते. झाडाखाली बसून तिनं पिठाच्या पिशवीवरचं सगळं वाचून दाखवलं, कारखान्याच्या पत्त्यासकट.

सोमवार, १७ नोव्हेंबर

बदली झाली!!

जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं. मास्विंगो शहर, जानेवारीपासून. नळ! वीज! कुंडाईच्या खोलीत दुसरी खाट! खडकावर चढून सिग्नल पकडला आणि तिला फोन लावला. ती इतक्या जोरात किंचाळली की खालून जाणारा गुराखी थांबून वर बघायला लागला. फॉर्मवर सही करून सत्र संपायच्या दिवशी, चार डिसेंबरला, हेडसरांकडे द्यायचा. स्वीकार किंवा नकार, दोन चौकटी आहेत. नकार कोण देणार, डोंबल!

हेडसरांनी अभिनंदन केलं. मग म्हणाले, "आईला सांगितलंत?"

मी म्हटलं, "सर, तुम्हीसुद्धा?"

"घर सोडताना आईला विचारतात, बाई," ते म्हणाले आणि हजेरीपटाकडे वळले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आजीकडे जाऊन आले. ती म्हणाली, शेळीच्या महिन्यात असलं बोलणं काढायचं नाही, एक डिसेंबरला ये, रीतसर विचार, पोर 'नीट जा, नीट ये' म्हणेल, झालं. नेत्साई अंगणात भांडी घासत होती. तिला ऐकू गेलं असावं, कारण घासायचा आवाज थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

मला वाटलं होतं ती रुसेल, पाय आपटेल. तसं काही झालं नाही. पोरं विसरतात लवकर, बरं असतं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

नेत्साई मला पुन्हा "बाई" म्हणायला लागलीय. वर्गात, वर्गाबाहेर, विहिरीवर, सगळीकडे. "हो बाई. नाही बाई." केराकडे बघत नाही, जेवले का विचारत नाही. खेळ संपला म्हणायचा. बरंच झालं, मला आवराआवर करायला वेळ मिळाला.

आज मी विनाकारण तिसऱ्या बाकावरच्या पोरांवर खेकसले. नंतर वाईट वाटलं. ऊन फार आहे.

चांगली गोष्ट आठवत नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सामान बांधलं. दोन पिशव्या झाल्या. मादूबेबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "हात सराईत आहे गं तुझा," म्हणाल्या.

असणारच. आई गेल्यावर कादोमाची आत्या, मग चेगुतूचा काका, मग त्याची बायको बाळंत झाली तेव्हा ग्वेरूचं वसतिगृह, मग कॉलेज, मग हे. सगळी माणसं चांगली होती. कुणी छळलं नाही, उपाशी ठेवलं नाही. निघताना प्रत्येकानं डोक्यावर हात ठेवून म्हटलं, जा बाळ, सुखी राहा. मी कधी रडले नाही. रडण्यासारखं काही नव्हतंच.

मला शहरात जायचंय. जायचंच आहे. हे वहीत का लिहितेय कोण जाणे, इथं मला विचारतंय कोण!

सोमवार, १ डिसेंबर

लगेच लिहून ठेवते.

दुपारी मादूबेबाईंना घेऊन आजीकडे गेले. नेत्साई चटईवर, रुमाल बांधून, मागच्यासारखीच. आजी तिच्या कानाशी लागून म्हणत होती, "नीट जा, नीट ये. एवढंच म्हणायचं." मी गुडघे टेकले, टाळ्या वाजवल्या.

"आई, मला शहरात बोलावलंय. जाऊ का?"

"नाही," नेत्साई म्हणाली.

आजी दचकली. "अगं, नीट जा म्हण."

"नाही म्हणतेय मी."

मादूबेबाईंनी हसू दाबलं. "घ्या! चिहेरा बोलल्या."

"असं नसतं गं राणी," आजी तिला समजावायला लागली. "शहरात बाईंचं भलं होणार आहे. तिथं त्यांना पाणी भरावं लागणार नाही. आईनं लेकराचं भलं बघायचं असतं."

नेत्साई आजीकडे बघत नव्हती. माझ्याकडेही नाही. चटईची एक काडी उपसत होती.

"माझी आई जोनीला निघाली तेव्हा तू मला बिस्किटांचा पुडा दिलास," ती म्हणाली. "मी खात बसले. गाडी गेली. मी काहीच बोलले नाही."

"तू लहान होतीस, बाळ."

"तेव्हा लहान होते. आता मी आई आहे." मग तिनं मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. "शुवाई, जायचं नाही."

 मादूबेबाईंचं हसू कुठल्या कुठं गेलं. आजीनं कमरेच्या कापडाचं टोक डोळ्यांना लावलं. आई बोलली की लेकीनं टाळ्या वाजवायच्या असतात, म्हणून मी वाजवल्या आणि उठून बाहेर आले.

मंगळवार, २ डिसेंबर

सकाळभर चिडले होते. आठ वर्षांच्या पोरीनं माझं आयुष्य ठरवायचं? मी शिकलेली बाई आहे. देवक, नातं, कोंबडी, सगळं ठीक आहे. पण नोकरी म्हणजे पोरखेळ नाही. कुंडाईनं खोलीला नवा पडदा लावलाय, निळा, माझ्यासाठी. मी काय तोंडानं तिला नाही म्हणू? आणि नेत्साईची खरी आई नाताळला आलीच, तर? ती पोर तिच्या गळ्यात पडेल आणि मी बसेन इथं विहिरीवर रांगेत.

हे सगळं मी मादूबेबाईंना मोठमोठ्यानं ऐकवलं. त्या मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. जा की मग. कोण अडवतंय?"

"ती अडवतेय!" मी ओरडले आणि मग मला एकदम रडू फुटलं. हमसून हमसून रडले. मादूबेबाईंनी परात बाजूला सारली आणि मला जवळ घेतलं, काही न विचारता.

आता डोकं जड झालंय, पण एक गोष्ट स्वच्छ दिसतेय. आजवर मला 'जा' म्हणणारी माणसं पुष्कळ भेटली. 'जाऊ नकोस' म्हणणारं हे पहिलंच माणूस, आणि त्याचे पुढचे दोन दात पडलेत.

गुरुवार, ४ डिसेंबर

कुंडाईला काल सांगितलं.  ती म्हणाली, "पडदा इकडेच राहील, सुट्टीत ये." तिच्यासारखी मैत्रीण मिळायला नशीब लागतं.

शेवटचा दिवस, पोरं निकाल घेऊन उधळलेली. मी फॉर्म हेडसरांसमोर ठेवला. दुसऱ्या चौकटीत खूण केली होती. त्यांनी चष्मा वर केला.

"नकाराचं कारण लिहावं लागतं, बाई. काय लिहू?"

"आई नाही म्हणाली, सर."

मला वाटलं ते हसतील. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि ठळक अक्षरात लिहिलं: मातेची संमती नाही. शिक्का उचलला आणि मधेच थांबले. "मातेचा उल्लेख आला म्हणजे मातेची सही लागणार. उद्या कचेरीत कुणी विचारलं तर?"

नेत्साई पटांगणात दोरीवर उड्या मारत होती. हाक मारल्यावर धापा टाकत आली. हेडसरांनी तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, कागद समोर सरकवला आणि काय लिहिलंय ते वाचायला लावलं. तिनं बोट ठेवून वाचलं. "संमती" या शब्दावर अडली, पुन्हा वाचलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.  खुर्चीत नीट सरळ बसली.

सही करायला तिला पाच मिनिटं लागली. जीभ बाहेर, नाक कागदाला टेकलेलं. नाव चौकटीत मावलं नाही. शेवटची अक्षरं तिरकी होत होत हेडसरांच्या नावावर जाऊन आदळली, आणि एक अक्षर चक्क उलटं पडलं. वर्गात असं लिहिलं असतं तर मी दहा वेळा गिरवायला लावलं असतं. पण आईच्या अक्षराला कोण नावं ठेवणार!